दुसऱ्या मंगळवारची ओपीडी परत सुरू करा

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य, रुग्ण कल्याण समिती,
तसेच जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातील जबाबदार अधिकारी

सविनय नमस्कार.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला मी तुमच्या रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीसमोर उभी होते. पहाटेची पहिली एसटी पकडून आले होते. आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, पाणीसुद्धा घोटघोट घेतलं होतं, कारण पोटात काही गेलं की पाऊण तासाचा प्रवासही मला निभत नाही. खिडकीच्या काचेला आतून एक कागद चिकटवलेला होता. पोटविकारतज्ज्ञांची मासिक ओपीडी रुग्णसंख्या अपुरी असल्याने पुढील आदेशापर्यंत बंद, रुग्णांनी संदर्भ सेवेसाठी कोल्हापूरला जावे, असा मजकूर. खाली शिक्का आणि सही. आत बसलेल्या ताई हळूच म्हणाल्या, “बाई, दुर्बिणीचं मशीनपण दुसरीकडे जाणार म्हणतात.” दुर्बीण म्हणजे पोटात नळी घालून आतून बघायची.

मी त्याच आठवड्यात अर्ज दिला. पंधरा दिवसांनी दुसरा दिला. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

रुग्णालयाचं, तालुक्याचं नाव मी घालत नाही. तिथल्या सिस्टरांनी मला रात्री-अपरात्री सांभाळलं आहे, माझे कपडे बदलले आहेत, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलेलं मला चालणार नाही. निर्णय ज्यांनी घेतला त्यांना हे पत्र वाचल्यावर कळेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४३. गाव खाडीच्या पलीकडे. माझ्या पोटात मोठं आतडं नाही. हे वाक्य मी चारचौघांत पहिल्यांदाच म्हणते आहे. शाळेत मुख्याध्यापकांना माहीत आहे, घरात माहीत आहे, बाकी गावाला “बाईंना पोटाचा त्रास आहे” एवढंच ठाऊक. पण मी लपवत राहिले तर तुमच्या रजिस्टरमधली संख्या अपुरीच राहील, हे त्या कागदाने मला शिकवलं.

चोविसाव्या वर्षी मला अल्सरेटिव्ह कोलायटिस झाला. मोठ्या आतड्याच्या अस्तराला आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसात पंधरा-वीस वेळा धावावं लागतं. अनेक वर्षं स्टिरॉइडवर काढली. चेहरा सुजला, हाडं दुखायला लागली, आणि एक दिवस औषधं लागू पडेनाशी झाली. मग मुंबईत टप्प्याटप्प्याने तीन शस्त्रक्रिया झाल्या. आधी मोठं आतडं काढलं आणि पोटावर पिशवी लावली. मग लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाची दुहेरी घडी घालून, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी, आतल्या आत एक पिशवी शिवली आणि ती खाली गुदद्वाराशी जोडली. ती जुळून आल्यावर तिसऱ्या वेळी पोटावरचं तोंड बंद केलं. या आतल्या पिशवीला डॉक्टर पाऊच म्हणतात. मीही तेच म्हणते, कारण ‘पिशवी’ म्हटलं की आपल्याकडे बायकांना वेगळीच पिशवी आठवते आणि पुढचे दहा मिनिटं समजावण्यात जातात.

ही काही नवलाईची शस्त्रक्रिया नाही. लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स या शल्यचिकित्सकांनी ती १९७८ मध्ये मांडली, जपानच्या उत्सुनोमिया यांनी १९८० मध्ये जे आकाराचा पाऊच दाखवला. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मुंबई-पुण्यात ती होते आणि माणसं बरी होऊन आपापल्या गावी परत येतात. गावी आल्यावर त्यांचं पुढे काय, हा प्रश्न तुमच्या दारात येतो.

पाऊच चांगला चालतो तेव्हा मला दिवसातून सहा-सात वेळा जावं लागतं, रात्री एकदा. हे माझं बरं असणं. त्यात मी वर्ग शिकवते, सहलीला मुलं नेते, गणपतीत एकवीस मोदक करते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, चांगली मिठाची, त्यावर मेतकूट. दुपारी मऊ भात आणि पातळ कुळथाची पिठी. फणसाचे गरे आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे मी सोडले, ते अडकतात. माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं? नऊ वर्षांतली बहुतेक वर्षं अशी गेली, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

पण लहान आतडं मळ साठवण्यासाठी घडलेलं नसतं. त्याला आपण ते काम लावलेलं असतं. तिथे मळ थांबतो, जंतूंचा समतोल बिघडतो आणि पाऊच आतून सुजतो. याला पाउचायटिस म्हणतात. कोलायटिसमुळे पाऊच केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना तो कधी ना कधी एकदा तरी होतो. बहुतेकांचा दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने बसतो. काहींचा परत परत उठतो. मी त्या दुसऱ्या गटातली. सुजला की सहाचे पंधरा-अठरा होतात, ओटीपोटात पिळवटून येतं, ताप चढतो, आणि ज्याचं सांगताना आजही माझी मान खाली जाते ते म्हणजे रात्री झोपेत कळत नाही. सकाळी चादर बघून कळतं.

मागच्या वर्षीच्या जुलैची गोष्ट तुमच्या समोर ठेवते, कारण ती तुमच्याच वॉर्डात घडली. लावणीचे दिवस होते. मला १०२ ताप आला. दिराने रिक्षा करून आणलं. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी १७,८००. प्रौढ माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. पावसाळा, कोकण, शेताशी संबंध, ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी, म्हणून ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना लेप्टो, म्हणजे पावसाळ्यात चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, वाटला. त्यांनी लगेच औषध चालू केलं. यात मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे लेप्टोला उशीर केला की माणूस जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण मी पहिल्याच रात्री सांगितलं होतं की मला पाऊच आहे, तो सुजला असावा. त्यांनी विचारलं, “पाऊच म्हणजे?” मी सांगत होते तोवर त्यांना बाळंतिणीकडे बोलावणं आलं. केसपेपरवर लिहिलं गेलं : जुलाब, ताप.

पाच दिवस गेले. ताप थोडा उतरायचा, परत चढायचा. संडासला जाण्याची मोजदाद मी वहीत ठेवते. त्या पाच दिवसांतले आकडे १४, १८, १७, १८, १६. पायात गोळे यायला लागले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस प्रेमाने शहाळं घेऊन येत होतं. “बाय, परत पोट बिघडला काय गो? ह्यां पी, थंड पडता पोटाक,” असं शेजारची काकी म्हणायची. तिला कसं सांगू की मोठं आतडं नसलेल्या माणसाचं शरीर पाण्याबरोबर मीठ गमावत असतं, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम कमीच? मला हवं होतं ते मिठाचं सलाईन आणि ओआरएस. सलाईन मिळालं. ओआरएसची पाकिटं वॉर्डात संपली होती, नवऱ्याने बाजारातून आणली.

सहाव्या दिवशी दुसरा मंगळवार होता. तुमच्याकडे येणारे पोटविकारतज्ज्ञ ओपीडी संपवून वॉर्डात आले. त्यांनी माझा कागद वाचला, मग माझ्या पोटावरचे जुने व्रण बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, पाऊच आहे ना?” मला रडू आलं. त्यांनी आधी सोनोग्राफी करून आत कुठे गळू नाही ना हे बघितलं, कारण गळू असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मग दुर्बीण घातली. दहा-बारा मिनिटं. भूल नाही, आदल्या रात्री जुलाबाचं औषध नाही. पडद्यावर मीही बघत होते. जे अस्तर फिकट गुलाबी असायला हवं ते लालभडक, जागोजागी पांढरट चट्टे, दुर्बीण टेकली की रक्त. त्यांनी बारीक तुकडे तपासायला पाठवले. दोन अँटिबायोटिक सुरू केली. तिसऱ्या दिवशी ताप गेला, पाचव्या दिवशी वहीत आकडा ८. तुकड्यांचा रिपोर्ट नंतर आला : अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी, तीव्र दाह.

पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणजे शरीर कशाशी तरी झुंजतंय, एवढंच रक्त सांगतं. कुठे झुंजतंय ते सांगत नाही. लेप्टोत त्या वाढतात, गळवात वाढतात, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तरी वाढतात, पाऊच सुजल्यावरही वाढतात. उलट कधी पाऊच चांगलाच सुजलेला असतो आणि रक्तातला आकडा साधा असतो, तेव्हा “तुम्हाला काही झालेलं नाही” म्हणून घरी पाठवतात. मलाही पाठवलंय. जागा दाखवते ती दुर्बीण. आणि ती दुर्बीण तुमच्याकडे आहे! अन्ननलिका आणि जठर बघायची जी दुर्बीण तुमच्या खोलीत निळ्या कापडाखाली ठेवलेली आहे, तिनेच पाऊच तपासता येतो. माझा तिनेच तपासला. नवीन काहीही विकत घ्यायचं नव्हतं. फक्त ती चालवणारा माणूस महिन्यातून एक दिवस यायला हवा होता, आणि तो येत होता.

आता तुमच्या कागदावरचा शब्द घेते. अपुरी रुग्णसंख्या.

ही संख्या कशी मोजली ते मला सांगा. माझी नोंद ‘जुलाब’ म्हणून झाली. त्याच व्हरांड्यात मला भेटलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला दोन वर्षं मूळव्याधीचं मलम देत होते, तिला कोलायटिस निघाला, आणि तोही तुमच्याच दुर्बिणीत. बंदरावर खलाशी म्हणून काम करणाऱ्या एका भावांची शस्त्रक्रिया माझ्यासारखीच झालेली आहे. ते होडीवर जाऊ शकत नाहीत, आता जाळी विणतात. त्यांना ही ओपीडी असते हे दीड वर्ष माहीतच नव्हतं. कारण तिचा फलक एक्स-रे खोलीच्या शेजारी, आतल्या बाजूला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, आशाताईंकडे कुठेही माहिती नव्हती. मी स्वतः आमच्या आशाताईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, आम्हाला कुणी कळवलंच नाही.

शिवाय या आजाराबद्दल आपल्याकडे कोण बोलतं? गुडघा दुखतो हे माणूस ओट्यावर बसून सांगतं. संडासातून रक्त पडतं हे सुनेने सासूला सांगायलाही वर्ष जातं. मुलगी असेल तर लग्न अडेल म्हणून घरातच दाबतात. त्यात मे महिन्यात अर्धं गाव आंब्याच्या पेट्या भरण्यात, जून-जुलैत शेतात, आणि ओपीडी महिन्याला एकच दिवस. ज्या महिन्यात त्या दिवशी साकव पाण्याखाली गेला त्या महिन्यात आमच्या बाजूचं कुणीच येऊ शकलं नाही. तोही महिना तुमच्या सरासरीत धरलात का? आम्ही कमी दिसलो, कारण आम्हाला शोधलंच गेलं नाही.

दुसरा शब्द : संदर्भ सेवा. कोल्हापूरला जावे.

हे वाक्य लिहिणाऱ्याने पाऊच सुजलेल्या माणसाला एसटीत बसलेलं पाहिलेलं नाही, असं मी धरून चालते, कारण पाहिलं असतं तर लिहिलं नसतं. तुमची ओपीडी सुरू होण्याआधी, तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मी तसा प्रवास केला. काळी सलवार, आत मोठ्या माणसांचं डायपर, पर्समध्ये आणखी दोन, पाण्याची बाटली, खोबरेल तेलाची डबी. वारंवार जाऊन कातडी भाजल्यासारखी होते, तेल लावल्याशिवाय बसवत नाही. नवऱ्याने कंडक्टरदादांना बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं. एसटीत संडास नसतो. पायथ्याच्या गावापर्यंत दोनदा गाडी थांबवली. घाट लागला आणि धुकं. तिसऱ्या वळणानंतर मला कळ आली. घाटात थांबायला जागा नाही, खाली दरी, वर दरड. कंडक्टरदादांनी ड्रायव्हरला सांगून एका चहाच्या टपरीजवळ गाडी उभी केली. टपरीवाल्या मावशींनी माझं तोंड बघितलं आणि एक शब्द न विचारता पाण्याची बादली घेऊन मला मागे नेलं. मागे शौचालय नव्हतं. करवंदीच्या जाळीआड त्या मावशी पदर धरून उभ्या राहिल्या. बसमधली चाळीस माणसं खिडक्यांतून बघत होती. त्यांच्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील होते.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता, ओपीडीचे केसपेपर बंद झाले होते. ती रात्र लॉजवर काढली, मजल्यावर एकच सामाईक संडास. दुसऱ्या दिवशी नंबर लागला, दुर्बिणीची तारीख मिळाली आठ दिवसांनंतरची. परत घाट उतरलो आणि परत चढलो.

माझं सगळं म्हणणं इथे आहे. हा आजार शांत असतो तेव्हा मी कोल्हापूरलाच काय, दिल्लीलाही जाईन. पण शांत असताना मला डॉक्टरांची तातडी नसते. तो भडकतो तेव्हा लागते, आणि तो भडकला की प्रवास हीच पहिली अशक्य होणारी गोष्ट असते. दर पाऊण तासाला संडास लागणाऱ्या माणसाला चार-पाच तासांच्या घाटापलीकडे पाठवणं म्हणजे उपचार नाकारणंच आहे, मग कागदावर त्याला काहीही म्हणा. मुंबईला रेल्वेने जाता येतं, गाडीत संडास असतो, मी तशी गेलेही आहे. पण पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, गणपतीच्या आगेमागे पाय ठेवायला जागा नसते, आणि डब्यातल्या संडासापर्यंत पोचायलाच वीस माणसं ओलांडावी लागतात.

केसपेपरबद्दलही बोलायला हवं. वर्षापूर्वी पोटात कळा येत होत्या म्हणून मी रात्री तुमच्या अपघात विभागात आले. दुखणं थांबावं म्हणून मला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. या गटातली वेदनाशामकं पाऊचची सूज भडकवू शकतात. मला मुंबईच्या डॉक्टरांनी ती वर्ज्य केलेली आहेत, आणि मी सांगेपर्यंत सुई टोचून झालेली होती. दुसऱ्या एका वेळी मळाच्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी, दिसल्या म्हणून आमांश समजून पाच दिवसांची गोळी दिली. पाऊच सुजला की मळात त्या पेशी दिसणारच. गंमत म्हणावी तर तीच गोळी पाउचायटिसलाही देतात, त्यामुळे थोडा आराम पडला आणि खरं कारण आणखी दोन महिने झाकून राहिलं. अंदाजाने दिलेल्या अँटिबायोटिकचा हिशेब माझ्या शरीराला द्यावा लागतो. त्यातलं मेट्रोनिडॅझोल परत परत घेतल्यावर माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, फळ्याजवळ उभं राहून शिकवताना पाय जमिनीवर आहे की नाही हे कधी कधी कळत नाही. आणि अशी अँटिबायोटिक वारंवार पोटात गेली की सी. डिफ नावाचा जंतू शिरजोर होऊ शकतो, त्याची तपासणी वेगळी, औषधही वेगळं. ती तपासणी माझ्यासाठी इथे कुणी कधी मागवली नाही.

आता किल्लीबद्दल लिहिते. ही बाब तुम्हाला फार लहान वाटेल. ओपीडीच्या व्हरांड्याच्या टोकाला दोन शौचालयं आहेत. त्यातलं एक कर्मचाऱ्यांसाठी, दुसऱ्याला कुलूप. किल्ली सफाई कामगार मावशींकडे, मावशी कधी वॉर्डात, कधी बाहेर. लोक घाण करतात म्हणून कुलूप लावलंय, असं मला सांगितलं. मी त्या किल्लीसाठी हातात केसपेपर घेऊन रुग्णालयभर धावले आहे. एकदा किल्ली मिळेपर्यंत उशीर झाला. मी ओढणी कमरेला गुंडाळली, नंबर सोडला आणि रिक्षाने घरी गेले. त्या दिवशी तुमच्या रजिस्टरात माझं नाव चढलं नाही. संख्या एकाने कमी झाली. एसटी स्टँडवरचं शौचालयही संध्याकाळ झाली की बंद होतं. ते तुमच्या अखत्यारीत नाही, हे मला माहीत आहे. पण रुग्ण कल्याण समितीने आगाराला एक पत्र लिहिलं तर त्याला वजन असेल, माझ्या पत्राला नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मोठं आतडं गमावलेल्या किंवा पोटावर पिशवी असलेल्या माणसाचा त्यात उल्लेख नाही, म्हणून एसटीत दाराजवळची सीटसुद्धा आम्हाला हक्काने मागता येत नाही. तो प्रश्न दिल्लीचा आहे. तुमच्याकडून मी तुमच्या हातातलंच मागते.

मासिक ओपीडी लगेच, याच महिन्यापासून सुरू करा आणि दुर्बीण हलवण्याचा विचार सोडून द्या. येणारे तज्ज्ञ मिळत नसतील तर तसं सांगा, आपण मिळून प्रयत्न करू. ओरोसला आणि रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथून महिन्यातून एक दिवस कुणी येऊ शकेल का, हे लेखी विचारा आणि आलेलं उत्तर आम्हालाही दाखवा. मधल्या दिवसांसाठी ई-संजीवनीवरून तज्ज्ञांशी बोलण्याची सोय सरकारने केलेलीच आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी माझ्यासारख्या रुग्णासाठी ती वापरावी, एवढी सूचना काढा.

केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा : मोठे आतडे काढलेले, पाऊच आहे, डायक्लोफेनॅक व तत्सम औषधे देऊ नयेत. पोटावर पिशवी असलेल्यांसाठीही अशीच नोंद हवी. याला एक पैसाही लागत नाही.

पावसाळ्याआधी ओआरएस आणि नेहमीची दोन अँटिबायोटिक वॉर्डात पुरेशी आहेत ना, हे बघा. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, इथेच व्हावी. मळातल्या कॅलप्रोटेक्टिनची (त्यावरून आतड्याची सूज कळते) आणि सी. डिफची तपासणी इथे होत नसेल तर निदान नमुना इथे घेऊन पुढे पाठवायची व्यवस्था करा. नमुना घाट चढू शकतो, मी नाही चढू शकत. वर्षातून एकदा बी-१२ आणि लोह तपासा. पाऊच लहान आतड्याच्या ज्या टोकापासून केलेला असतो तिथेच बी-१२ शोषलं जातं, आणि आमच्यात ते कमी पडतं.

आणि मोजायचंच असेल तर नीट मोजा. आशाताईंना एक साधा कागद द्या : रक्तासह जुलाब महिन्याहून जास्त दिवस, आतड्याची शस्त्रक्रिया, पोटावर पिशवी. तीनच प्रश्न. सहा महिने हे करा. ओपीडीचा फलक केसपेपरच्या खिडकीवर लावा, जिथे आज तो बंदीचा कागद आहे. त्यानंतरही माणसं नाहीत असं दिसलं तर मी दुसरं पत्र लिहिणार नाही.

परवा रक्त तपासून आणलं. पांढऱ्या पेशी १३,४००. ताप नाही, वहीत काल ११, आज १२. सूज परत येते आहे हे मला ओळखीच्या माणसाच्या पावलासारखं कळतं. शाळेत चौथीच्या वर्गात माझी खुर्ची दाराशी आहे. मी उठले की वर्गातली मोठी मुलगी आपणहून पुस्तक घेऊन पुढे येते आणि वाचन सुरू करते. तिला मी कधी काही सांगितलेलं नाही. ती मुलगी आणखी किती दिवस वर्ग सांभाळेल, हे सध्या तुमच्या एका सहीवर आहे.

येत्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा वाजता मी रुग्णालयात येते आहे. बरोबर माझी फाईल असेल, वही असेल, आणि वर ज्यांच्याबद्दल लिहिलं ते खलाशी भाऊ आणि ती मुलगी तिच्या आईसह असतील. समितीने त्या दिवशी आम्हाला अर्धा तास द्यावा आणि निर्णय लेखी सांगावा. व्हरांड्यातल्या शौचालयाची किल्ली त्या सकाळी कुलपालाच लावून ठेवायला सांगा.

आपली,
खाडीपलीकडच्या शाळेतली एक शिक्षिका